दुसरा ग्लास

उप्पलवार काका कोणाच्याही घरी गेले, की आधी मनगटावरचं घड्याळ बघतात आणि मग घरातल्या माणसांकडे. "या, बसा" म्हटलं की बसतात, पण बूड टेकायच्या आत घड्याळाचं बटन दाबलेलं असतं. यजमान आत बघून सांगतो, पाणी आणा. आत भांडं वाजतं, ग्लास येतो, काका पुन्हा बटन दाबतात. ग्लास उजेडाकडे धरून बघतात, पितात, आणि खिशातून लांबट वही काढून काहीतरी टिपतात. काय लिहिलं म्हणून विचारलं तर म्हणतात, "काही नाई. दोन मिनिटं. चांगलं आहे घर."

माझ्या आतेभावासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा ओळखीचे म्हणून काकांना सोबत नेलं. ही माझीच अक्कल. मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन आली आणि काकांनी सगळ्यांसमोर वही काढून लिहिलं, सव्वा मिनिट. मुलीच्या बापाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, हे लोक पोरीला मार्क देऊन राह्यले. तो तणतणत उठला, "आमी काय परीक्षेले बसवलं काय पोरीले?" काका शांतपणे म्हणाले, "पोरीचं मले काय करायचं आहे? तुमच्या गल्लीतला नळ चांगला चालते, येवढंच लिहिलं." सोयरीक जुळली, पण लग्नात काकांना वरातीच्या मागच्या टोकाला ठेवलं.

मी वैशाली. आमच्या जिल्ह्याच्या पाण्याच्या ऑफिसात कंप्युटर ऑपरेटर. ऑफिस आदिलाबादेत, त्यामुळे सकाळी साहेब तेलुगूत रागावतात, दुपारी जब्बारभाई ड्रायव्हर उर्दूत समजूत घालतात, आणि काम मराठीत होतं. काका तिथले सिनियर असिस्टंट. तेलुगू लोकांचे उप्पलवार गारू, जब्बारभाईंचे उप्पलवार साब, माझे काका. नात्याने कोणी नाहीत. ऑफिसात लागले त्या पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट सांगून टाकली होती: टाइप करीन, नकाशा काढीन, प्रिंटरशी मारामारी करीन, पण कोणाला पाणी आणून देणार नाही. बाई दिसली की "जरा पाणी" म्हणायची सवय असते ना लोकांना. ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याला मी माठ कुठे आहे ते बोटाने दाखवलं. नंतर कोणी म्हटलं नाही. काकांनी तर कधीच नाही.

आता त्या घड्याळाची गोष्ट. उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे एक मोठी बैठक होते. बोअरच्या गाड्या मोजक्या, गावं भरमसाट, तर गाडी कोणत्या गावाला पाठवायची? पूर्वी याचा निकाल आवाजावर लागायचा. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या गावाला बोअर. एका गावात तर देवळासमोर तीन बोअर झाल्या, तिन्हींत मिळून पाणी एकीचं. मग वरून हे सॉफ्टवेअर आलं. गावागावाची माहिती त्यात भरायची: माणसं किती, हातपंप किती, विहीर किती लांब. सगळं भरलं की ते गावांना गरजेप्रमाणे क्रम लावून देतं आणि नकाशावर लाल-पिवळं करून दाखवतं.

सगळ्यांना वाटलं, काका आता कंप्युटरला घाबरून रजा टाकतील. काका आपली खुर्ची उचलून माझ्या शेजारी येऊन बसले.

"बाई, याच्या पोटात काय जाते?"

"आपण भरू ते."

"आन् बाहेर काय येते?"

"तेच, क्रम लावून."

"म्हंजे हा काही आपल्यापेक्षा हुशार नाई. पण याले साडू नाई, जावई नाई, सोयरे नाई. कामाचा गडी आहे."

त्या दिवसापासून त्यांनी एक शब्द धरला: रकाना. कोणी टेबलाशी येऊन रडगाणं लावलं, "साहेब, आमचं गाव तहानेनं मरून राह्यलं," की काका म्हणणार, "मरू नका. रकाना दाखवा." आमच्या डब्यातल्या वरणात मीठ नसलं तरी म्हणायचे, "बाई, येक रकाना रिकामा आहे."

पण सगळ्यात आधी त्यांना खटकला तो हातपंपाचा रकाना. आमच्या रजिस्टरात जवळपास सगळे पंप 'चालू'. चालू म्हणजे दांडा हलतो. पाणी येतं की नाही, ते रजिस्टर विचारत नाही. काका म्हणाले, "सायेब गावात गेला का सगळं चालू असते. लोकं खोटं नाई बोलत, पण कोणाकोणाच्या भिडेनं बोलतेत. तोंडाले विचारू नका. पाणी मागा. ग्लास यायले किती वेळ लागते ते पाहा. घरात पाणी असलं तर लवकर येईल, नसलं तर मागच्या दारानं शेजारी जातीन." आणि मला हुकूम सोडला, "येक रकाना वाढव. नाव दे, ग्लासाची मिनिटं."

मी कपाळावर हात मारला. पण वाढवला. शून्यापासून साठपर्यंत मिनिटं भरायची सोय केली, तीही त्यांच्याच सांगण्यावरून.

"शून्य काऊन, काका? तुमच्या वहीत अर्ध्या मिनिटाच्या खाली येकही घर नाही. शून्य मिनिटात ग्लास काय उडत येते?"

"असते शून्य," काका म्हणाले. "म्या पाह्यलं आहे."

कुठे ते सांगितलं नाही. मीही काही विचारलं नाही. मला वाटलं, थाप मारून राह्यले.

पहिल्या वर्षी लोक हसले. बैठकीत एई साहेब, म्हणजे आमचे इंजिनियर, म्हणाले, "उप्पलवार गारू आता चहाचीही मिनिटं मोजतील." पण यादी आली तर दुसऱ्या नंबरावर असं एक गाव, ज्याच्यातर्फे बैठकीत कधी कोणी खोकलंसुद्धा नव्हतं. कलेक्टर मॅडमनी विचारलं, "या गावाचा माणूस कोण?" काका उभे राहून म्हणाले, "कोणीच नाई मॅडम, म्हणूनच ते आजवर खाली होतं." गाडी गेली, पंप बसला, पोरी शाळेत दिसू लागल्या. मॅडमनी पुढच्या बैठकीत ग्लासाच्या रकान्याचं नाव घेऊन कौतुक केलं. काका त्या दिवशी ऑफिसात असे चालत होते, की जब्बारभाई म्हणाले, "साब, ज़मीन पे पाँव रखो, टाइल्स नई हैं."

हे सगळं मी का सांगते आहे, तर पुढे जे झालं ते कळावं म्हणून.

गेल्या उन्हाळ्याची यादी तयार होती. सोमवारी बैठक, मग त्यावर शिक्का, आणि एकदा शिक्का बसला की वर्षभर बदल नाही. यादीत सगळ्यात खाली, म्हणजे गरज नसलेल्यांत, डोंगरावरचा एक गुडा, म्हणजे छोटी वस्ती, होता. कापूस आणि जवारी करणाऱ्या लोकांची थोडी घरं. त्याचं खरं नाव नको, वरचा गुडा म्हणू. तिथले हातपंप कागदावर चालू, आणि ग्लासाची मिनिटं? अर्धं! काका स्वतः जाऊन आले होते आणि खुशीत होते. "बसतो न बसतो तोच म्हातारी ग्लास घेऊन हजर. काठोकाठ भरलेला. बाई, त्या गुड्याले काही नको."

पण काका तिथे चष्मा विसरले. शनिवारी, कोणाला न सांगता, स्कूटर घेऊन एकटेच चष्मा आणायला गेले. सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले दिसले. दाढी केलेली नव्हती. मी घाबरले, म्हटलं काय झालं?

"बाई, आपण पाप केलं," म्हणाले. "आपण नाई. म्या."

झालं असं. काका त्या घरी पोचले तर म्हातारी घरी नव्हती. तिचा नवरा बाजेवर पडलेला. त्याला डोळ्यांनी कमी दिसतं. त्याने काकांना ओळखलं नाही. काकांनी सवयीने बटन दाबलं आणि पाणी मागितलं. म्हातारा ओशाळून उठून बसला. म्हणाला, "बाप्पा, राग नको मानू. पाव्हन्याचा तांब्या रिता हाय. परवा कोनी सायेब आल्ता, थो पेऊन गेला. म्हातारी नाल्यावर गेली, येईल. बस."

तो साहेब म्हणजे काकाच.

त्या गुड्यात घरोघरी फळीवर एक झाकलेला तांब्या असतो, पाव्हन्याचा. घरात कोणाचा घसा सुकला तरी त्याला कोणी हात लावत नाही. जितकं पाणी कमी, तितका तो तांब्या जपून भरलेला. दारात माणूस आला की म्हातारी हात वर करते, ओतते, झालं, अर्धं मिनिट. आणि आमच्या नळाच्या गल्लीत बाई म्हणते, थांबा, ताजं आणते, आणि दोन मिनिटं लावते. काकांच्या रकान्याने तहानलेल्या गावाला श्रीमंत ठरवलं होतं.

"घड्याळ मी बंद नाई केलं," काका म्हणाले. "म्हातारी येईपर्यंत तसंच बसलो. पन्नास मिनिटांनी आली. डोक्यावर हंडा. मले पाह्यलं, आन् हंडा खाली ठेवून आधी काय केलं असंन? त्यातून तांब्या भरून मलेच दिला."

"मग? पेलं तुमी?"

"नाई पेलं तर तिची इज्जत जाते. पेलं तर माझी." काकांनी चष्मा पुसला. "पेलं."

मी म्हटलं, काका, आता चूक सांगाल बैठकीत तर एई साहेब सॉफ्टवेअरच बुडवतील. ते टपूनच बसले आहेत. पुन्हा आवाजवाल्यांचं राज्य. गुपचूप त्या एका गुड्याचे आकडे बदलू, कोणाला कळणार आहे? मी खरंच म्हटलं हे. खोटं काऊन बोलू?

काका माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. "येका गावाचा आकडा हातानं बदलला, का मंग मी त्याचा साडू झालो! असे अजून किती गुडे असतीन, ते मले माहीत आहे? तुले आहे?"

बैठकीत ते उभे राहिले. एरवी खणखणीत बोलणारा माणूस, पण त्या दिवशी कागदात बघून बोलत होता. तेलुगूत सुरुवात केली, मधेच मराठी घुसत होती, मी इथे मराठीतच सांगते. "मॅडम, माझा रकाना चुकला. यादी चुकली. शिक्का मारू नका." आणि चष्म्यापासून तांब्यापर्यंत सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन.

एई साहेबांना आयतं हातात सापडलं. "म्हणजे दोन वर्षं आपण पाणी पीत बसलो? काढा जुनी यादी! माणसाची अक्कल ती माणसाची अक्कल."

"अक्कल माणसाचीच चुकली साहेब," काका म्हणाले. "मशीननं म्या भरलं तेच सांगितलं. येक रकाना चुकला म्हणून कोणी वही फाडते काय? रकाना दुरुस्त करते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दुरुस्ती काय?"

"दुसरा ग्लास."

हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

"पहिला ग्लास पाव्हन्याचा असते, मॅडम. तो इज्जतीतून येते. घरात थेंब नसला तरी येते. तो पेऊन झाला का पुन्हा मागायचा. दुसरा ग्लास माठातून येते. दुसरा ग्लास पाव्हना कधी मागत नाई, घरचा माणूसच मागते. त्याचं मिनिट मोजायचं. आठ दिवस द्या."

मॅडमनी आठ दिवस दिले.

त्या आठ दिवसांत आमच्या ऑफिसाने जेवढं पाणी प्यालं, तेवढं जन्मात प्यालं नसेल. प्रत्येक जण गावोगाव जाऊन दुसरा ग्लास मागत होता. एई साहेबांनाही जावं लागलं आणि येताना जीप तीनदा थांबवावी लागली. गावांत बोभाटा झाला, पाण्याच्या ऑफिसातल्या लोकांना काहीतरी बाधा झाली आहे. जब्बारभाई रोज येऊन किस्से सांगायचे. एका बाईने म्हणे काकांना दुसरा ग्लास देता देता विचारलं, "काऊन जी, घरी पाणी देत नाईत काय तुमाले?" जब्बारभाई पोट धरून हसत होते. मी पण हसले. काका काय बोलले, म्हणून विचारलं, तर म्हणे काही नाही, मिनिटं लिहिली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

नवा रकाना भरला आणि नकाशा बदलला. पिवळे ठिपके लाल झाले, लाल पिवळे. वरचा गुडा तळातून उठून पहिल्या नंबरावर आला, दुसऱ्या ग्लासाची मिनिटं पन्नास. त्याच्याखाली तसेच आणखी चार गुडे निघाले, ज्यांचं नाव आमच्या कोणाच्या तोंडी कधी नव्हतं. यादीवर शिक्का बसला. डोंगरावर गाडी चढवताना ड्रायव्हरने देवाचं नाव घेतलं, आमचं घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पाणी लागलं! पंप बसल्यावर काका पुन्हा गेले, पहिला ग्लास प्याले, दुसरा मागितला. दीड मिनिट. वहीत त्यांनी तो आकडा दोनदा गिरवला आहे, मी पाहिला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सॉफ्टवेअरला एक खोड आहे. नवा रकाना वाढवला की तो प्रत्येक ओळीत भरावाच लागतो, एकही ओळ रिकामी राहिली तर ते लाल पट्टी दाखवत बसतं. सगळं भरून झालं तरी लाल पट्टी जाईना. शोधत शोधत मी पार वर गेले. अगदी पहिली ओळ. रकाना कसा भरायचा ते मी शिकवलं तेव्हा काकांनी स्वतःच्या हाताने भरलेली, क्रमात न धरलेली. गावाच्या जागी लिहिलं होतं 'घर'. पाणी देणाऱ्या बाईच्या नावाच्या जागी 'सुमन'. ग्लासाची मिनिटं, शून्य.

"काका, ही नमुन्याची ओळ दिसते. काढून टाकू?"

काका खुर्ची ओढून आले.

"राहू दे," म्हणाले. मग त्या शून्यावर बोट ठेवून, "माझी स्कूटर चौकात आली का तिले आवाज जाये. फाटक उघडेपर्यंत ग्लास घेऊन उभी. कधी मागितलं नाई म्या. बसायच्या आधी हातात. येवढी वर्षं, येक दिवस चुकला नाई. म्हणून म्हटलं, शून्य असते."

सुमनकाकू गेल्या तेव्हा मी ऑफिसात लागले नव्हते, हे सॉफ्टवेअर आलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. घरी मूलबाळ नाही, एवढं मला माहीत होतं. बाकी काही माहीत करून घेतलं नव्हतं. रोज शेजारी बसून.

"आन् आता?" मी विचारलं.

"आता काय. घरी जातो, खुर्चीत बसतो. अर्धा-पाऊण तास जाते. मंग ध्यानात येते का आपणच उठून घ्यायचं आहे." आणि हसले. "सवय वाईट, बाई."

मी उगाच कीबोर्ड आपटला. "दुसऱ्या ग्लासात काय भरू? रिकामं घेत नाही हे."

"मंग थांब. मी सांगीन."

त्या लाल पट्टीसकट आम्ही आठवडाभर काम केलं.

रविवारी सकाळी ते आमच्या घरी येणार होते. मिनिटांची जुनी वही मला द्यायची होती, कंप्युटरात उतरवायला. दहा वाजता चौकात स्कूटरचा आवाज आला. ती स्कूटर मी डोळे मिटून ओळखते, चार वेळा फटफटते आणि मधेच दम खाते. आई आतून म्हणाली, "कोण येऊन राह्यलं गं?" ऑफिसात ज्या बाईने आजवर कोणाला पाणी दिलं नाही, ती बाई ग्लास घेऊन फाटकाकडे पळत सुटली. अर्धं पाणी ओढणीवर सांडलं.

काकांनी स्कूटर लावली. वळले, मला बघितलं, ग्लास बघितला. त्यांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला आणि तिथेच थांबला. बटन त्यांनी दाबलं नाही. ग्लास घेतला, फाटकाच्या बाहेरच उभं राहून सावकाश सगळा प्याले, चष्मा काढून डोळे पुसले, आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

"बाई," म्हणाले, "अजून येक देतं काय?"

तांब्या माझ्या दुसऱ्या हातात होताच.